रक्त थांबलं म्हणजे आतडं बरं झालं असं नसतं: अल्सरेटिव्ह कोलायटिस वारंवार उचल खातो तेव्हा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण विचारलंय एक आणि अडचण वेगळीच दिसतेय. मला कळलं ते असं: वय ३१, दोन वर्षांपूर्वी कोलोनोस्कोपीत (आतड्यात कॅमेरा घालून करतात ती तपासणी) डाव्या बाजूचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराची सूज, निघाला, मेसालामाइन (ही सूज उतरवणारं रोजचं औषध) आणि स्टिरॉइड सुरू झालं, तीन आठवड्यांत रक्त थांबलं, सहा महिने गोळ्या घेतल्या आणि मग काहीच त्रास नाही म्हणून बंद केल्या. त्यानंतर तीनदा उचल खाल्ली, दर वेळी घरात उरलेलं प्रेडनिसोलोन, म्हणजे तेच स्टिरॉइड, दहा-बारा दिवस घेतलं की थांबायचं. आता चौथ्यांदा सुरू झालंय, दिवसाला चार-पाच वेळा जावं लागतंय, रक्त आणि आव आहे, आणि या वेळी प्रेडनिसोलोनने पूर्वीसारखा फरक नाही. आणि प्रश्न काय, तर पथ्य नेमकं कुठे चुकतंय आणि हे कायमचं जाईल असं काही आहे का.

पथ्य चुकत नाहीये. उपचार अर्धवट राहतायत, आणि त्यात सगळा दोष तुमचा आहे असं मी म्हणणार नाही. "बरं वाटलं तरी बंद करायचं नाही" हे वाक्य तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच, पण का बंद करायचं नाही हे बहुतेक कोणी बसून सांगितलं नसणार. ओपीडीत गर्दी असते, माझ्याकडूनही हे राहून जातं. म्हणून इथे जरा लांबण लावतो.

मी पोटविकाराचा डॉक्टर आहे, वीसेक वर्षं हे पेशंट बघतोय. पण तुम्हाला तपासलेलं नाही, रिपोर्ट पाहिलेले नाहीत, तेव्हा डोसचे आकडे मी सांगेन ते समजण्यासाठी आहेत, उद्यापासून स्वतःच सुरू करण्यासाठी नाहीत. किडनी कशी आहे, वजन किती, आजार कुठपर्यंत चढलाय, आधी कुठल्या औषधाने काय झालं, यावर बरंच बदलतं.

आधी आजार नीट समजून घ्या. मोठ्या आतड्याचं जे सगळ्यात आतलं अस्तर असतं त्याला सूज येते, ते सोलवटतं, त्यातून रक्त आणि आव पडते. ही सूज गुदाशयापासून सुरू होते, म्हणजे अगदी शेवटच्या टोकापासून, आणि तिथून वर चढत जाते, मध्ये गाळलेली जागा न ठेवता. भिंतीला खालून ओल चढते ना, तसं. कोणाची ओल वीतभर चढून थांबते, त्याला प्रॉक्टायटिस म्हणतात. कोणाची डाव्या बाजूने प्लीहेजवळच्या वळणापर्यंत जाते, तो तुमचा डाव्या बाजूचा प्रकार. आणि कोणाची त्याच्याही पुढे, कधी पूर्ण मोठ्या आतड्यात. क्रोन्स हा भाऊबंद आजार वेगळा, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मध्ये मध्ये जागा सोडतो आणि भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. दोन्हीची काही औषधं सारखी आहेत म्हणून लोक दोघांचे सल्ले एकत्र करतात, तसं करू नका.

का होतो? आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यातल्या जिवाणूंवर गरज नसताना चवताळलेली राहते, थोडा भाग जनुकांचा, थोडा आतड्यातल्या जिवाणूंच्या बदललेल्या वस्तीचा, थोडा आसपासच्या गोष्टींचा. तुम्ही तिखट खाल्लं म्हणून झालेला नाही, टेन्शन घेतलं म्हणूनही नाही. टेन्शनने लक्षणं वाढतात हे खरं, पण नोकरीतला ताण गेला की आजारही जाईल असं धरून औषध टाळणारे पेशंट मी पाहिलेत, आणि ते पुढे जास्त ताणात सापडतात.

आता मुद्द्याचं. या आजारात दोन वेगवेगळी घड्याळं चालतात. एक तुमच्या लक्षणांचं, दुसरं अस्तर भरून येण्याचं. पहिलं फास्ट आहे. स्टिरॉइडने चार दिवसांत रक्त कमी, आठवड्यात पोट शांत. दुसरं मात्र महिन्यांच्या हिशोबाने चालतं. तुम्ही पहिलं घड्याळ बघून औषध बंद केलंत तेव्हा दुसरं बहुतेक अर्ध्यावरच होतं. गरज सरो वैद्य मरो हे या आजारात फार महागात पडतं, कारण इथे गरज सरलीय की नाही हे पेशंटला आतून कळतच नाही.

एक पेशंट आठवतात. पन्नाशीचे गृहस्थ, म्हणायचे डॉक्टर मी शंभर टक्के ठीक आहे, दिवसातून एकदा जातो, रक्ताचा थेंब नाही, ही गोळी आता सोडवा. मीही थोडा विरघळलो होतो खरं तर. म्हटलं एकदा आत बघू आणि मग ठरवू. कॅमेरा टाकला तर खालचा वीस सेंटिमीटर भाग लालसर, खरखरीत, स्कोप घासला तरी रक्ताचे ठिपके. त्यांना स्क्रीनवर दाखवलं. त्यानंतर गोळी सोडवा हा विषय त्यांनी परत काढला नाही. आम्ही डॉक्टर कोलोनोस्कोपीत ० ते ३ असे मार्क देतो, ० म्हणजे शांत अस्तर आणि ३ म्हणजे मोठे व्रण, आपोआप रक्त येणं. त्या गृहस्थांचे मार्क १ आणि २ च्या मध्ये होते, आणि ते स्वतःला ० समजत होते. अशा लोकांचा आजार पुढच्या वर्षभरात उचल खाण्याची शक्यता खरोखर शांत अस्तरवाल्यांपेक्षा बरीच जास्त असते.

दर वेळी कॅमेरा टाकायची गरज नाही. शौचाची एक तपासणी असते, फीकल कॅल्प्रोटेक्टिन. पांढऱ्या पेशींमधलं प्रोटीन आहे हे, आतड्याला सूज असली की त्या पेशी आत उतरतात आणि ते शौचात वाढतं. साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली म्हणजे नॉर्मल, लक्षणं नाहीत आणि आकडा १५० च्या खाली आहे तर आजार बहुतेक शांत, २५० च्या वर गेला तर आत काहीतरी पेटलंय असं धरायचं. मधल्या आकड्यांवर घाबरून काही बदलायचं नाही, काही आठवड्यांनी परत करायची. अंगदुखीची गोळी घेतली असेल किंवा साधं इन्फेक्शन असेल तरी आकडा चढतो, त्यामुळे एका रिपोर्टवर उड्या मारू नका. पण बरं असताना तीन ते सहा महिन्यांनी ही तपासणी करत राहिलं तर बऱ्याचदा रक्त दिसायच्या काही आठवडे आधीच आकडा वर जायला लागतो, आणि तेव्हा औषध थोडं वाढवून भागतं. माझ्या मते या आजारात गेल्या पंधरा-वीस वर्षांत पेशंटच्या हातात आलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट.

आता स्टिरॉइड, कारण तुमची खरी गडबड इथे आहे. स्टिरॉइड वाईट औषध नाही, उलट याच्याआधी तीव्र कोलायटिसमध्ये माणसं दगावायची. १९५५ साली ट्रूलव्ह आणि विट्स या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी कॉर्टिसोनची चाचणी छापली तेव्हापासून चित्र बदललं. पण ते आग विझवायचं औषध आहे, घर राखायचं नाही. वर्षानुवर्षं घेतलं तरी आजार शांत ठेवायला ते उपयोगी नाही हे फार पूर्वीच सिद्ध झालंय, आणि त्या काळात हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, मोतीबिंदू, ब्लडप्रेशर, चेहरा सुजणं, झोप उडणं, चिडचिड, हे सगळं मात्र पदरात पडतं.

आणि तुम्ही घेतलंत तसं तर घेऊच नये. दहा-बारा दिवस आणि मग एकदम बंद, यात दोन गोष्टी होतात. कोर्स इतका छोटा असतो की अस्तर भरायला वेळच मिळत नाही, लक्षणं दाबली जातात आणि तुम्हाला वाटतं जिंकलो. साधारण पद्धत अशी की ४० मिलीग्रॅमच्या आसपास सुरू करायचं, फरक पडला की दर आठवड्याला ५ मिलीग्रॅम कमी करत जायचं, सगळं मिळून आठ आठवड्यांचा कोर्स. दुसरं म्हणजे शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं, अशात जास्त दिवसांचं स्टिरॉइड एकदम तोडलं तर गळून गेल्यासारखं होतं, चक्कर, उलट्या, कधी बीपी पडून इमर्जन्सी. म्हणून कृपा करून हे वाचून आजच्या आज सुद्धा गोळी एकदम बंद करू नका, किती दिवसांपासून किती घेताय ते डॉक्टरांना खरं सांगा आणि कसं उतरवायचं ते त्यांना ठरवू दे. ओरडतील थोडं. ओरडू द्या.

माझा स्वतःचा नियम सोपा आहे. वर्षात दोनदा स्टिरॉइड लागलं, किंवा डोस १० मिलीग्रॅमच्या खाली नेताच आजार परत येतो, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत येतो, तर प्रश्न उचल खाण्याचा उरलेला नाही, मूळ औषध कमी पडतंय. तिथे स्टिरॉइडचा तिसरा कोर्स लिहायचा नाही, मूळ औषध बदलायचं किंवा वाढवायचं. तुमच्या बाबतीत तर मूळ औषध, म्हणजे मेसालामाइन, चालूच नाहीये, तेव्हा ते "कमी पडतंय" असंही मी आत्ता म्हणू शकत नाही. हे एका अर्थी चांगलंच आहे, साधा उपाय अजून धड वापरून व्हायचाय.

मग या वेळी फरक का पडत नाहीये? कारणं बरीच असू शकतात आणि इथेच लोक घाई करतात. पहिली शंका इन्फेक्शनची. कोलायटिसच्या पेशंटला क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाच्या जिवाणूचं इन्फेक्शन इतरांपेक्षा जास्त होतं, अँटिबायोटिक घेतली असो वा नसो, आणि ते हुबेहूब उचल खाल्ल्यासारखं दिसतं. त्यात आपण स्टिरॉइड ओतत बसलो तर काय होणार. म्हणून नवीन उचल आली की औषध वाढवायच्या आधी शौचाची तपासणी, त्यात कल्चर आणि या जिवाणूचं टॉक्सिन, म्हणजे त्याने सोडलेलं विष, शिवाय अमीबाही बघून घ्यायचा. हे चुकवू नका. बराच काळ स्टिरॉइडवर असलेल्यांमध्ये सायटोमेगॅलो नावाचा व्हायरस आतड्यात जागा होतो, तो बायोप्सीत (अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासतात त्यात) कळतो. दुसरी शक्यता, आजार वर चढलाय, डाव्या बाजूचा होता तो आता पुढे गेलाय, असं काही जणांमध्ये काही वर्षांत होतंच. तिसरी, मध्ये कुठे पाठदुखी गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असलं काही घेतलं होतं का? काही लोकांचा आजार या गोळ्यांनी पेटतो. ताप, अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं.

आता येतो त्या गोष्टीवर जिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय आणि जिच्यावर पेशंट सगळ्यात कमी बोलतात. खालून, म्हणजे गुदद्वारातून, घ्यायचं औषध. तुमच्या प्रश्नात एक ओळ आहे, "एनिमा पण दिला होता पण तो दोनदाच वापरला, जमलं नाही." मला वाटतं अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीय.

विचार करा, आजार खालून वर चढतो, सगळ्यात जास्त सूज बहुतेकांची शेवटच्या टोकाला असते. तोंडाने घेतलेली गोळी तिथवर पोचेपर्यंत औषध किती उरणार? आणि डाव्या बाजूला सूज असली की वरच्या भागात शौच साठून राहतं, खाली मात्र नुसतं रक्त-आव आणि सारखं जावंसं वाटणं, म्हणजे जुलाब आणि बद्धकोष्ठ एकाच वेळी, त्यात गोळी वरच अडकते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. एनिमा केला तर औषध प्लीहेजवळच्या वळणापर्यंत थेट जाऊ शकतं, म्हणजे तुमचा पूर्ण आजारी भाग. सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची गोळी, फक्त गुदाशयापुरती, फोम, म्हणजे फेसाळ औषध, त्याच्या थोडा वर. गोळी आणि एनिमा दोन्ही एकत्र घेतलं तर नुसत्या गोळीपेक्षा जास्त लोक बरे होतात आणि लवकर होतात, यावर आता वाद उरलेला नाही.

एक गंमत सांगतो. सल्फासलाझिन हे या घराण्यातलं जुनं औषध, स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या डॉक्टरबाईंनी १९४० च्या सुमारास पुढे आणलं, तेही मुळात सांधेदुखीसाठी. त्याचा नेमका कुठला भाग आतड्यावर काम करतो हे बरीच वर्षं माहीत नव्हतं. १९७७ साली ऑक्सफर्डमधल्या डॉक्टरांनी त्याचे दोन तुकडे वेगवेगळे करून पेशंटना दिले, आणि दिले कसे तर एनिमातून, आणि कळलं की काम करणारा तुकडा म्हणजे आज आपण ज्याला मेसालामाइन म्हणतो तो. म्हणजे ज्या औषधाची लायकीच एनिमातून सिद्ध झाली ते लोकांना फक्त गोळीतून हवं असतं.

जमत नाही याची कारणं बहुतेक साधी असतात. रात्री झोपताना, आधी संडासला जाऊन येऊन मग घ्यायचं. बाटली आधी कोमट पाण्यात धरून अंगाइतकी कोमट करा, थंड द्रव आत गेला की आतडं लगेच आखडतं आणि सगळं बाहेर. डाव्या कुशीवर झोपून, उजवा गुडघा पोटाशी, टोकाला थोडी जेली लावायची, हळू दाबायचं, एकदम नाही. मग निदान अर्धा तास तसंच पडून राहायचं, रात्रभर राहिलं तर उत्तमच. पहिले काही दिवस सूज जास्त असल्यामुळे पाच मिनिटांत बाहेर येईल. येऊ दे. रोज करत राहिलं तर आठवडाभरात धरता यायला लागतं कारण तेवढ्यात सूज थोडी उतरते. अजिबातच धरता येत नसेल तर आठवडा-दोन आठवडे फोम किंवा सपोझिटरीने सुरुवात करून मग एनिमावर जायचं, हे मी बऱ्याच जणांना करतो. चादरीवर आणि कपड्यांवर डाग पडतात, जुना टॉवेल खाली घाला. आणि लाज वाटते हे मला माहीत आहे, विशेषतः घरात माणसं जास्त असली आणि एकच खोली असली की. माझ्या एका पेशंट मुलीने घरात "कंबरेचा व्यायाम करते, अर्धा तास दार उघडू नका" असं सांगून तीन महिने एनिमा घेतला. चालतं.

पूर्ण शांत झाल्यावर रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा खालून औषध घेतलं तरी बऱ्याच जणांचं भागतं. हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

गोळीबद्दल थोडं. मेसालामाइन हलक्या ते मध्यम आजारासाठी आहे, आणि ते कमी डोसमध्ये देऊन "लागू पडलं नाही" म्हणणं ही नेहमीची चूक. उचल असताना दिवसाला ४.८ ग्रॅमपर्यंत जातात, शांत असताना निदान २ ग्रॅम. तीन वेळा विभागून घ्यायची गरज नाही, एका वेळी सगळा डोस घेतला तरी परिणाम तेवढाच, आणि विसरणं कमी होतं. शौचात कधी गोळीचं टरफल दिसतं, त्यावरून औषध फुकट गेलं असं समजू नका, बहुतेक वेळा रिकामं कवच असतं. सहसा सुरक्षित औषध आहे पण क्वचित किडनीला त्रास देतं म्हणून वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघायचं. आणि शंभरातल्या दोन-तीन जणांना मेसालामाइननेच जुलाब आणि रक्त वाढतं, ताप येतो, औषध थांबवलं की दोन-चार दिवसांत उतरतं. सुरू केल्यावर उलट बिघडलं तर हे डोक्यात ठेवा.

आयुष्यभर घ्यायचं का? मी "आयुष्यभर" हा शब्द पहिल्या भेटीत वापरत नाही, माणूस तिथेच खचतो. मी म्हणतो, आपण दर वर्षी एकदा ठरवू. पण खरं उत्तर असं की डाव्या बाजूचा किंवा त्याहून पसरलेला आजार असेल तर बहुतेकांना दीर्घकाळ काहीतरी चालू ठेवावं लागतं. गोळ्या नीट न घेणाऱ्यांमध्ये परत उचल खाण्याचा धोका नीट घेणाऱ्यांच्या पाचपटीपेक्षा जास्त निघाला होता, हा अभ्यास २००३ चा आहे आणि रोजच्या ओपीडीत मला तरी यात काही नवल वाटत नाही. फक्त गुदाशयापुरता आजार, एकदाच झालेला, कॅमेऱ्यात पूर्ण शांत, अशा माणसाशी औषध थांबवून बघायची चर्चा मी करतो. तुमच्याशी आत्ता नाही करणार. दुसरं एक कारण म्हणजे आठ-दहा वर्षांनी पसरलेल्या आजारात आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढायला लागतो, आणि सूज जितकी जास्त काळ पेटती राहते तितका तो जास्त. म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी निगराणीची कोलोनोस्कोपी सुरू करतात, त्रास असो वा नसो. पित्तनलिका सुजून आकसण्याचा आजार, स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, सोबत असेल तर पहिल्या दिवसापासून दरवर्षी.

आता पथ्य, कारण तुम्ही तेच विचारलं होतं. हा आजार घडवणारा किंवा बरा करणारा कुठलाही एक पदार्थ नाही. उचल असताना चोथा कमी असलेलं, मऊ, थोडं थोडं खा, कच्चं आणि सालीसकटचं काही दिवस बाजूला ठेवा, याने सूज उतरत नाही पण कळा आणि फेऱ्या कमी होतात. दूध पचत नसेल तर सोडा, पचत असेल तर हाडांसाठी ठेवा, विशेषतः स्टिरॉइड चालू असताना. शांत झालात की हळूहळू सगळं परत आणा. माझ्याकडे येणाऱ्यांत पथ्य कमी पाळणारे थोडे आणि अति पाळणारे ढीगभर असतात, सगळं सोडून दोन-तीन पदार्थांवर जगतात, दहा किलो वजन जातं, हिमोग्लोबिन आठ, आणि आतडं तसंच लाल. आयर्न आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, थकवा बऱ्याचदा त्याचा असतो. "साइड इफेक्ट नाही" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या, ज्यात काय आहे ते लिहिलेलंच नसतं, त्यांनी दोन दिवसांत जादू झाली तर आनंदापेक्षा संशय जास्त घ्या. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता असते.

मेसालामाइन वरून-खालून पूर्ण डोसमध्ये देऊनही जमलं नाही तर पुढे बरंच आहे. अझाथायोप्रिन, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, जे लागू पडायला दोन-तीन महिने लागतात आणि ज्यावर नियमित रक्ततपासणी लागते, पांढऱ्या पेशी धाडकन पडू शकतात आणि केस गळू शकतात (काही जणांच्या जनुकांमुळे हे जास्त होतं, त्याची टेस्ट आधीच करता येते). मग बायोलॉजिक्स, म्हणजे सूज पेटवणाऱ्या ठराविक प्रोटीनलाच अडवणारी इंजेक्शनं, इन्फ्लिक्सिमॅब या आजारासाठी २००५ पासून आहे, वेडोलिझुमॅब २०१४ पासून. तोंडाने घ्यायच्या जॅक गटातल्या गोळ्या, टोफासिटिनिब आणि उपाडासिटिनिब, त्याही आल्यात. यातलं काही सुरू करायच्या आधी टीबी आणि हिपॅटायटिस बी बघणं आणि लसी उरकून घेणं हे झालंच पाहिजे. कुठलं निवडायचं हे वय, मूल हवंय का, सांधे दुखतात का, आधीचे आजार काय यावर ठरतं, ते इथून सांगता येणार नाही.

आणि "कायमचं जाईल असं काही" विचारलंत तर प्रामाणिक उत्तर एकच, ऑपरेशन. मोठं आतडं आणि गुदाशय पूर्ण काढतात, लहान आतड्याची पिशवी करून खाली जोडतात, ही पद्धत १९७८ मध्ये लंडनमध्ये पार्क्स आणि निकोल्स यांनी मांडली. पण त्यानंतरही दिवसाला पाच-सहा वेळा जावं लागतं आणि निम्म्याच्या आसपास लोकांना कधीतरी त्या पिशवीला सूज येते. तुमची गाडी त्या स्टेशनच्या जवळपासही नाही. हे मी फक्त यासाठी लिहिलं की कोणी गोळीने कायमचं बरं करतो म्हणाला तर तुम्हाला तुलना करता यावी.

वाट बघायची नाही अशी वेळ कुठली, ते मात्र पाठ करून ठेवा. दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब, आणि त्याबरोबर ताप ३७.८ सेल्सियसच्या वर, किंवा नाडी नव्वदच्या वर, किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) ३० च्या वर, यातलं एक जरी असलं तरी तो तीव्र आजार, दाखल व्हायचं. हेही त्याच १९५५ च्या ट्रूलव्ह आणि विट्सचे निकष, अजून वापरतो. पोट फुगून ताठ झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. अशा वेळी जुलाब थांबवायच्या गोळ्या अजिबात घेऊ नका, आतडं फुगून फुटण्याचा धोका असतो. हॉस्पिटलमध्ये शिरेतून स्टिरॉइड देतात आणि तिसऱ्या दिवशी हिशोब करतात, साधारण तिघांतल्या एकाला त्याने पुरेसा फरक पडत नाही आणि मग इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, नाहीतर ऑपरेशन. तिसरा दिवस महत्त्वाचा, उगाच दहा दिवस वाट बघत बसणं वाईट. तुम्ही आत्ता चार-पाच फेऱ्यांवर आहात, स्टिरॉइड चालू असताना. म्हणजे काठावर आहात, हे हलकं घेऊ नका.

तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, पुढच्या महिन्यात नाही. शौचाची तपासणी टॉक्सिनसकट, कॅल्प्रोटेक्टिन, रक्ताच्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (सूज), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), क्रिएटिनिन या तपासण्या एवढं होईल, आणि बहुतेक खालच्या भागापुरता छोटा स्कोप बायोप्सीसकट, त्याला पूर्ण तयारी लागत नाही. डोळे लाल होऊन दुखत असतील, घोट्यांवर दुखऱ्या लाल गाठी आल्या असतील, सकाळी कंबर आखडत असेल तर तेही सांगा, त्याचा याच आजाराशी संबंध असतो आणि औषध निवडताना उपयोग होतो. एका कागदावर तारखा लिहा, कधी उचल आली, प्रेडनिसोलोन किती मिलीग्रॅम, किती दिवस, कधी बंद. स्टिरॉइडच्या रिकाम्या स्ट्रिप्स टाकल्या नसतील तर त्याही घेऊन जा, आकडे आठवण्यापेक्षा त्या मोजणं सोपं पडतं. आणि तो एनिमा दोनदाच का वापरला हे विचारल्याशिवाय स्वतःहून सांगा, डॉक्टर घाईत असले तरी.